गर्भमद्यबाधित विद्यार्थ्यांचे अध्यापन

मातेने गर्भारपणी घेतलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात उतरून त्याच्या घडत्या मेंदूस जी कायमची इजा करते, तिच्यातून उद्भवणाऱ्या ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ व तत्सम विकारांनी बाधित मुलांना शिकविण्याची पद्धती. फ्रान्समधील नांत येथील पॉल लमोइन यांनी १९६८ मध्ये १२७ मुलांच्या पाहणीवरून या बाधेचे वर्णन केले. ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी दिले. आखूड नेत्रफटी, नाकाखालची सपाट पन्हळ व पातळ वरचा ओठ ही या सिंड्रोमची चेहऱ्यावरील चिन्हे होत. परंतु मद्याची बाधा झालेल्या बहुसंख्य मुलांत ती दिसत नाहीत, आणि तेथूनच शाळेतील गैरसमजास प्रारंभ होतो.

अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांच्या १९९६ च्या अहवालात पूर्ण लक्षणे असलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७९ आढळला. म्हणजे जेथे ७० च्या खालच्यांनाच सवलतीचा दाखला मिळतो, तेथे यांतील पुष्कळ मुले कागदोपत्री धडधाकट ठरतात आणि मेंदूच्या इजेचा कसूर त्यांच्या स्वभावाच्या माथी मारला जातो. काल बिनचूक म्हटलेला पाढा आज आठवत नाही, यास आळस म्हणणे अन्यायाचे आहे. बोलण्यात चतुर असलेले मूल सूचना शब्दशः परत म्हणून दाखवते, पण तिची अंमलबजावणी कोठून सुरू करावी हे त्यास उमगत नाही. ‘आवरा आता’ असे म्हटल्याने ते जागीच बसून राहते. ‘वही मिट’, ती मिटल्यावर ‘दप्तरात ठेव’, असे एकेक पाऊल सांगितले, आणि त्याच क्रमाची चित्रे बाकावर चिकटविली, म्हणजे तेच मूल काम पुरे करते. गणित, पैसा आणि वेळ या अमूर्त गोष्टी विशेष जड जातात. म्हणून हाताळता येणारी नाणी वापरावीत.

डेब इव्हेन्सन व जॅन लुट्के यांनी १९९७ मध्ये मूर्तता, सातत्य, पुनरावृत्ती, दिनक्रम, साधेपणा, नेमकेपणा, रचना व देखरेख अशी आठ सूत्रे सांगितली. त्यांतील देखरेखीस सर्वाधिक महत्त्व द्यावे, कारण कृत्याचा परिणाम आधी ताडण्याची शक्तीच येथे क्षीण असते आणि शिक्षेचा धडा दुसऱ्या प्रसंगी उपयोगी पडत नाही. मातेस दोष देणे सर्वथा अनुचित होय. गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच अनेकींकडून मद्य घेतले गेलेले असते, आणि दुखावलेली माता शाळेशी मोकळेपणाने बोलत नाही. इयत्ता बदलताना उपयोगी पडलेल्या युक्त्यांचे टिपण नव्या शिक्षकाच्या हवाली करावे, अन्यथा वर्षभराची घडी नव्याने बसवावी लागते.