नेता न नेमलेला गट

बारावीनंतर आपल्या वर्गातला एक जण ‘एसएसबी’ला गेला होता, आठवतंय? परत आल्यावर आपण सगळ्यांनी एकच विचारलं, “पास की नापास?” त्याने मान हलवली आणि विषय संपवला. पुढे कित्येक वर्षं तो विषय कोणी काढला नाही.

अलीकडे या परीक्षेचा इतिहास वाचला, आणि आपण प्रश्नच चुकीचा विचारला असं वाटलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडायला छोटीशी मुलाखत पुरत असे. शाळा कोणती, वडील काय करतात, खेळ कोणता, यावरच बरंचसं ठरे. पण असे निवडलेले बरेच तरुण प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून १९४२ मध्ये एडिंबरोला नव्या धर्तीचं निवड मंडळ बसलं. त्यात सेनाधिकाऱ्यांच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञही होते. त्यांतल्या विल्फ्रेड बायनने (हा मथुरेत जन्मलेला, बरं का!) पहिल्या महायुद्धात रणगाड्यांचं नेतृत्व केलं होतं. त्याची युक्ती साधी होती. काही उमेदवारांना मिळून एक काम द्यायचं, पण नेता नेमायचा नाही. स्वतः उठून दिसायचं की सोबत्यांना घेऊन काम तडीस न्यायचं, या ओढाताणीत कोण कसा वागतो ते नुसतं बघायचं.

१९४३ मध्ये ही पद्धत डेहराडूनला आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली. फळ्या, दोर घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे. एकेका शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. धूसर चित्र अर्धा मिनिट बघून चार मिनिटांत गोष्ट लिहायची. शेवटी मंडळ ‘पास’ म्हणत नाही, ‘शिफारस’ म्हणतं. वैमानिकाची कल-चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते, पण तिथे न बसणारा दुसऱ्या शाखेत उत्तम अधिकारी होऊ शकतो.

पद्धत निर्दोष नाही. क्लासवाले आता गोष्टीही घोटून घेतात. आणि आपल्या वर्गातल्या मुलींना एनडीएची परीक्षाच बंद होती. ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२१ मध्ये खुली झाली. दाराबाहेरच्या माणसाचा कल कोण मोजणार?

मीही ऑफिसात मुलाखती घेते. अर्ज हातात आला की नजर आधी कॉलेजच्या नावावर जाते, हे कबूल करते.

मेळाव्याला तो येणार आहे म्हणे. या वेळी त्याला विचारायचंय, तुमच्या गटात दोर पहिल्यांदा कोणी धरला होता रे?