पास, ओक्ताव्हियो
(३१ मार्च १९१४ – १९ एप्रिल १९९८). मेक्सिकोचे कवी, निबंधकार, मुत्सद्दी व पुढे विद्यापीठीय अध्यापक. १९९० च्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. जन्म मेक्सिको सिटी येथे. १९४५ मध्ये ते परराष्ट्रसेवेत दाखल झाले. १९५१ च्या अखेरीस बोटीने मुंबईत उतरून ते दिल्लीच्या वकिलातीत रुजू झाले, पण काही महिन्यांतच त्यांची टोकिओला बदली झाली. पुढे १९६२ मध्ये ते राजदूत म्हणून दिल्लीला परतले. या मुक्कामातील कविता 'लादेरा एस्ते' (१९६९) या संग्रहात असून, त्यांतल्या घारापुरीवरील कवितेत मूर्तींची मोडतोड करणाऱ्यांचा व बेटावर घाण करणाऱ्यांचा धिक्कार केल्यावर कवी शिव-पार्वतीपुढे हात जोडतो.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिक स्पर्धा दहा दिवसांवर आल्या असताना, मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळीबार केला. दोनच दिवसांनी पास यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र पाठवून, अशा सरकारचे प्रतिनिधित्व करणे शक्य नसल्याने आपणास सक्रिय सेवेतून मोकळे करावे, असे कळविले. तेवीस वर्षांची नोकरी सोडल्यावर चरितार्थाचा मुख्य आधार अध्यापनाचा होता. १९६९ मध्ये टेक्सास विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून त्या हत्याकांडाची मीमांसा करणारे 'पोस्तदाता' (१९७०) सिद्ध झाले. त्यानंतर त्यांनी केंब्रिज व हार्व्हर्ड येथे अध्यापन केले.

हार्व्हर्डच्या नॉर्टन व्याख्यानमालेत (१९७१-७२), म्हणजे दरवर्षी एखाद्या कवीला वा कलावंताला काव्याविषयी व्यापक अर्थाने बोलण्यास पाचारण करणाऱ्या मालेत, त्यांनी 'परंपराभंगाची परंपरा' ही संकल्पना मांडली. आधुनिक कवितेत प्रत्येक पिढी मागचे नाकारते आणि हे नाकारणेच तिचा वारसा ठरते, असा तिचा आशय. ही व्याख्याने 'लोस इहोस देल लिमो' (१९७४) या नावाने प्रसिद्ध झाली. राजीनाम्याचा उल्लेख सर्वत्र होतो. मात्र या अध्यापनपर्वाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे सतराव्या शतकातील मेक्सिकन जोगीण-कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूस यांच्यावरील बृहद्‌ग्रंथ (१९८२). हार्व्हर्डमधील सोर हुआना यांच्याविषयीच्या अभ्यासक्रमातून तो वाढला. धर्मसत्तेच्या दडपणाखाली लेखन सोडून ग्रंथसंग्रहही गमावलेल्या या विदुषीच्या चरित्राचा पास यांनी विसाव्या शतकातील हुकूमशाही राजवटींत स्वतःविरुद्ध कबुलीजबाब द्यावे लागलेल्या लेखकांच्या अनुभवाशी सांधा जोडला आहे.