फोर बाय फोर गाडी रोज कशी चालवावी? डांबरीवर 'टू-एच', चिखलात 'फोर-एच'

पावसाळा लागला की पाणंद रस्ते चिखलाने भरतात आणि थार, जिम्नीसारख्या फोर बाय फोर गाड्यांचा खरा उपयोग सुरू होतो. मात्र अनेक जण शेतातून निघताना 'फोर-एच'ला टाकलेली लिव्हर तालुक्याला जाऊन येईपर्यंत तशीच ठेवतात. 'चारही चाकं ओढतात म्हणजे गाडी जास्त सेफ' असा समज त्यामागे असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर हाच समज महागात पडतो.

लिव्हरवरच्या खुणा काय सांगतात?

टू-एच : फक्त मागची चाकं ओढतात. डांबरी, सिमेंट रस्ता आणि हायवेसाठी रोज हेच.
फोर-एच : पुढची-मागची चाकं मिळून ओढतात. चिखल, वाळू, ओली कच्ची वाट यासाठी.
फोर-एल : चारही चाकं, वेग कमी पण ताकद जास्त. खड्या चढ-उतारासाठी किंवा रुतलेली गाडी काढण्यासाठी.

डांबरीवर 'फोर-एच' का नको?

वळण घेताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. थार आणि जिम्नीत 'फोर-एच' लावल्यावर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडला जातो. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरीवर टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. वळताना स्टेअरिंग जड लागणं, गाडी अडखळणं, लिव्हर अडकणं ही त्याची लक्षणं. टायर लवकर झिजतात, इंधनही जास्त लागतं.

लिव्हर अडकली तर जोर लावू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे-पुढे घेतली की ताण सुटतो आणि लिव्हर निघते.

काही गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्ह असतं. त्यात कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची हे गाडी स्वतः ठरवते. अशी गाडी डांबरीवर ऑटो मोडमध्ये चालते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं.

चिखलात कधी लावायचं?

काळ्या मातीत टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि मागची चाकं जागेवरच फिरतात. म्हणून रुतल्यावर नाही, तर चिखलात शिरण्याआधीच 'फोर-एच' लावावं. 'फोर-एल' लावताना मात्र गाडी थांबवून, क्लच दाबून लिव्हर टाकावी. डांबरी लागली की आठवणीने 'टू-एच'.

ब्रेक मात्र तेवढाच

ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. फोर बाय फोरमुळे गाडी सुटायला मदत होते, थांबायला नाही. ओल्या घाटात वेग कमी ठेवणं हाच उपाय.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणतीही गाडी घालू नये. साधारण २ फूट वाहतं पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतं. चाकं जमिनीवरून उचलली गेली की दोन ओढतात की चार, याला काही अर्थ उरत नाही.

एवढं लक्षात ठेवा

• चारही टायर एकाच साइजचे आणि सारखेच झिजलेले असावेत. दोन नवे, दोन जुने घातले तर 'फोर-एच'मध्ये सरळ रस्त्यावरही ताण येतो.
• उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर 'फोर-एच'मध्ये चालवावं. आतल्या भागांना ऑइल पोहोचतं आणि ऐनवेळी लिव्हर जाम होत नाही.
• सर्व्हिसिंगला इंजिन ऑइलसोबत ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचं ऑइलही तपासायला सांगावं. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर ते लगेच बघून घ्यावं.

ज्यांच्या घरापासून शेतापर्यंत पक्का रस्ता आहे, त्यांचं काम टू व्हील ड्राइव्हवर भागतं. पावसाळ्यात ज्यांची वाटच चिखलातून जाते, त्यांना मात्र फोर बाय फोरचे जास्तीचे पैसे वसूल होतात.