नावापुढची दोन अक्षरं: जे. पी.

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या जिथून समुद्रात जातात, तिथेच कोस्टल रोडच्या पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर. भरतीत, वाऱ्यात होडी खांबावर आपटेल, निदान १६० मीटर सोडा, असं कोळी सांगत होते. काम अडवल्यावर १२० मीटरवर तडजोड झाली. त्या वेळी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता.

न निवडलेल्या माणसांनी मुंबई चालवायची, हे नवं नाही. १७९३च्या कायद्याने सरकार इथे ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे जे. पी. नेमू लागलं. रस्ते झाडून घेणं, दुरुस्ती, पहारा आणि त्या खर्चासाठी घरांवर पट्टी बसवणं, हे सगळं त्यांच्याकडे. शिवाय न्यायाधिकारही. म्हणजे पट्टी लावणारा आणि निवाडा करणारा एकच. सुरुवातीला हा मान फक्त युरोपियनांना होता. १८३२च्या कायद्याने दार उघडलं आणि १८३४ मध्ये जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय असे शेठ जे. पी. झाले. जात-धर्म बदलले, पण खुर्चीवर बसले ते श्रीमंतच.

१८६५ मध्ये सगळ्या जे. पीं.ची मिळून नगरपालिका झाली, पण खरी सत्ता आयुक्त आर्थर क्रॉफर्डकडे. मंडई बांधली, रस्ते काढले, खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदाते चिडले आणि क्रॉफर्डला जावं लागलं. १८७२च्या कायद्याने ६४ सभासद आले: ३२ करदात्यांचे, १६ जे. पीं.चे, १६ सरकारचे. मत मात्र वर्षाला ५० रुपये कर भरणाऱ्यालाच. जाळं विणणाऱ्या घरात एवढी पट्टी कुठली? पंच आणि पाटील गावातले तंटे मिटवत, पण शहराच्या सभेत त्यांचा शब्द पोचत नव्हता.

१९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं. सर्वांना मत देऊन पहिली पालिका निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. पुढे १९७३च्या फौजदारी संहितेत जे. पी. हे पदच उरलं नाही. जुन्या पाट्यांवर नावापुढे ती दोन अक्षरं तेवढी दिसतात.

पद गेलं, प्रश्न राहिला. भरतीला होडी कुठून वळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारून खांब रोवायचा, की रोवल्यावर त्याच्याशी तडजोड करायची?