रंगाची ट्यूब आणि उघडं आभाळ

मंडळी, शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या तर होत्याच. पण रंगाची ट्यूब कुठंच नव्हती. म्हणून आज तिच्याविषयी.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. घरात बसून वापरायला ठीक. पण बांधावर बसून निसर्गचित्र काढायचं तर तो न्यायचा कशात? युरोपातले चित्रकार तो नेत डुकराच्या मूत्राशयात! आत रंग भरायचा, तोंड दोऱ्यानं बांधायचं, लागेल तेव्हा टोचून भोक पाडायचं आणि पिळायचं. ते भोक पुन्हा धड बंद होत नसे. वाटेत पिशवी फुटली तर कपड्यांचं काय होत असेल ते घरोघरच्या गृहिणींना सांगायला नको...

१८४१ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं धातूच्या, दाबली की चेपणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. (टूथपेस्ट ट्यूबमध्ये यायला त्यानंतर पन्नासएक वर्षं लागली!)

ट्यूब आली म्हणून चित्रकार घराबाहेर पडले, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पुरतं पटत नाही. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्येच हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून तैलरंगात ढग रंगवत होता. ढग कुणासाठी थांबतात? म्हणून कागदावर, झपाट्यानं. मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशासुद्धा टिपलेली. माझ्यातल्या मास्तराला हे फार आवडलं! पण त्याच्या लेखी हा सराव होता. त्याच १८२१ सालचं त्याचं 'द हे वेन', नदीच्या पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचं ते सहा फुटी चित्र, लंडनच्या स्टुडिओत रंगवलेलं. प्रदर्शनात मान त्याला.

उघड्यावर काढलेलं तेच अखेरचं चित्र, हा हट्ट पुढं फ्रान्समध्ये धरला गेला. तिथं मात्र ट्यूब खरी कामाला आली. १८६६ मध्ये क्लोद मोनेनं बागेतल्या स्त्रियांचं चित्र काढायला अडीच मीटरहून उंच कॅनव्हास बागेतच उभा केला. वरचा भाग रंगवायला शिडीवर चढावं तर नजरेचा कोन बदलणार. मग पठ्ठ्यानं जमिनीत चर खणला आणि कॅनव्हासच कप्पीनं खाली उतरवायची सोय केली! शेवटचा हात घरात फिरवला, तेवढं माफ.

१८६७ च्या पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. फ्रेडरिक बाझील या मित्रानं ते २५०० फ्रँकला घेतलं, तेही महिना ५० फ्रँकच्या हप्त्यानं. १९२१ मध्ये फ्रेंच सरकारनं त्याच चित्राला २ लाख फ्रँक मोजले. तेव्हा मोने ऐंशीचा झाला होता. बाझील १८७० च्याच युद्धात गेला होता.

असो. मोनेनं १८७० साली त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेल्या एका चित्रात रंगात चिकटलेले वाळूचे कण अजून आहेत. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिकडच्या भाचेमंडळींनी जरा वाकून बघावं आणि मला कळवावं.