ऋणवृद्धीचे नियम : तुलनेची एक रीति

निरनिराळ्या कायद्यांचीं कलमें संगणकांत घालून, एखादी व्यापारी संस्था त्यांपैकीं कोणतें पाळते व कोणतें मोडते हें ताडून पाहण्याची पद्धति हल्लीं रूढ झाली आहे. त्यासाठीं प्रत्येक नियमाचे चार अवयव वेगळे काढावे लागतात : नियम कोणास लागू, कोणत्या अटीवर, मर्यादा किती, आणि ती ओलांडल्यास परिणाम काय. आपल्या व्यवहारग्रंथांची तुलना करितांना हेंच पृथक्करण किती उपयोगी पडतें, हें कर्जावरील व्याजाच्या प्रकरणावरून दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तुलनेस तीन ग्रंथ घेतले आहेत : कौटिल्याचें अर्थशास्त्र (अधिकरण ३, अध्याय ११), मनुस्मृति (अध्याय ८) व याज्ञवल्क्यस्मृति (व्यवहाराध्याय). यांपैकीं पहिला ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केल्यामुळें ही तुलना शक्य झाली.

दरमहा शेंकडा सव्वा हा दर तिन्ही ग्रंथांत आहे. कौटिल्य तो धर्म्य म्हणून सांगतो. दोन्ही स्मृति मुद्दलाचा ऐंशीवा भाग म्हणतात, हिशेब तोच. परंतु याज्ञवल्क्य हा दर तारणाच्या कर्जापुरताच ठेवितो; मनूच्या श्लोकांत ती अट नाहीं. पुढें दोन्ही स्मृति वर्णक्रमानें २, ३, ४ व ५ असे दर देतात. कौटिल्य येथें वर्ण विचारीत नाहीं, धंदा विचारतो : व्यापारी व्यवहारास ५, अरण्यमार्गानें जाणाऱ्यास १०, समुद्रावर जाणाऱ्यास २०. जोखीम वाढेल तसें व्याज वाढावें, हें तत्त्व उघड दिसतें.

आतां हेच १० व २० आंकडे याज्ञवल्क्यस्मृतींतही जसेच्या तसे आढळतात. केवळ आंकडे जुळविणारा वाचक येथें दोन्ही ग्रंथांचें एकमत आहे असें लिहून मोकळा होईल. पण तसें नाहीं. कौटिल्याच्या मतें याहून अधिक व्याज घेणारा व घेवविणारा पूर्वसाहस दंडास पात्र होतो, आणि साक्षीस बसलेल्यांसही प्रत्येकीं अर्धा दंड भरावा लागतो. याज्ञवल्क्य मात्र त्याच श्लोकाच्या उत्तरार्धांत सर्व जातींच्या ऋणकोंस स्वतः कबूल केलेलें व्याज देण्याची मोकळीक देतो. म्हणजे एका ठिकाणीं २० ही न ओलांडावयाची सीमा आहे. दुसऱ्या ठिकाणीं करार नसेल तेव्हां लागू होणारा दर आहे. आंकडा एक, नियम दोन.

मनूची गोष्ट आणखी निराळी. ठरल्या दराहून अधिक व्याज सिद्ध होत नाहीं, शेंकडा पांचापर्यंतच तें योग्य, असें तो म्हणतो. येथें तो जादा रक्कम निष्फळ ठरवितो, कौटिल्य दंड करितो. समुद्रव्यापाराकरितां तर मनूनें आंकडाच दिला नाहीं. देश, काल व अर्थ जाणणारे समुद्रयानकुशल लोक जो दर ठरवितील तोच प्रमाण मानावा, असें तो सांगतो.

व्याजाच्या कमाल मर्यादेंतही असाच भेद आहे. रोख रकमेचें मुद्दल व व्याज मिळून दुपटीहून अधिक होऊं नये, याविषयीं मनु व याज्ञवल्क्य यांचें एकमत आहे. परंतु धान्याच्या कर्जास मनु पांचपट, तर याज्ञवल्क्य तिप्पट मर्यादा घालतो. रोख रकमेचा हा नियम आपल्याकडे दामदुपट या नांवानें टिकला, आणि मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा न्यायालयानें देऊं नये, या रूपानें तो १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यांतही आला.

पोथ्यांचा संग्रह करणारांस यावरून एक विनंती करावीशी वाटते. व्यवहाराध्यायाची पोथी तपासतांना आंकड्याच्या श्लोकार्धापाशीं थांबूं नये. लेखकाच्या अनवधानानें याज्ञवल्क्याचा तो उत्तरार्ध गळला, तर पोथींतून केवळ एक ओळ जात नाहीं. करारस्वातंत्र्य देणारा नियम जाऊन त्याच्या जागीं कौटिल्याच्या नियमासारखा भासणारा दुसराच नियम उभा राहतो. आंकडा पाहतांना त्याची अट व त्याचा परिणामही पाहावा. मगच दोन ग्रंथ एकमतानें बोलतात कीं नाहीं, हें ठरवावें.