दंड भरला, तरी व्हिसाच्या अर्जात नोंद आवश्यक

पेण/रोहा - मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दलचा दंड न्यायालयात भरला, की प्रकरण कायमचे मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पेण किंवा नागोठण्याजवळच्या नाकाबंदीत सापडलेल्या चालकाला नोकरी, शिक्षण किंवा मुलांच्या भेटीसाठी परदेशी जाताना हा समज महागात पडू शकतो.

गुन्हा कोणता?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा दंड रस्त्यावर तडजोडीने भरता येत नाही. प्रकरण न्यायालयात जाते. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणेच होय.

पासपोर्टचे काय?
पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांची कैद झाली असल्यास पासपोर्ट नाकारला जातो. पहिल्याच गुन्ह्यात केवळ दंड झालेल्याला हे कलम लागू होत नाही. खरी अडचण येते ती खटला प्रलंबित असताना. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार अशा वेळी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आदेशात मुदत नमूद नसल्यास पासपोर्ट एका वर्षापुरताच मिळतो. माहिती दडविल्यास तो जप्त होऊ शकतो.

कॅनडा सर्वांत कडक
कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली आणि तो गंभीर गुन्ह्यांत गणला जाऊ लागला. परदेशातील शिक्षाही तेथील कायद्याशी ताडून पाहिली जाते. कॅनडातील मर्यादा ८० मिलिग्रॅम असल्याने न्यायालयीन कागदपत्रांतील प्रमाणाची नोंद महत्त्वाची ठरू शकते. प्रवेशास अपात्र ठरलेल्यास तात्पुरता परवाना मागता येतो. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे उलटल्यावर 'पुनर्वसना'साठी अर्ज करता येतो.

अमेरिकेत अशा एकाच गुन्ह्यामुळे व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. मात्र, पाच वर्षांच्या आत अटक किंवा शिक्षा झाली असल्यास अर्जदाराला नियुक्त डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठविले जाते.

खोटे उत्तर अधिक घातक
अमेरिकेच्या अर्जात अटक वा शिक्षा कधी झाली होती का, असा थेट प्रश्न असतो. 'कधी' या शब्दाला काळाची मर्यादा नाही. खोटी माहिती उघड झाल्यास अमेरिकेत कायमची, तर कॅनडात पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणजे दंडाचा गुन्हा क्षम्य ठरेल. पण लपवाछपवी ठरणार नाही.

त्यामुळे अर्जापूर्वी संबंधित न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी, दंडाची पावती जपून ठेवावी आणि खटला खरोखर निकाली निघाला आहे, याची खात्री करावी. निकाल मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे.